धाकट्याला नारळ

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या धाकट्या मुलांविषयी मला जरा जास्तच माहिती आहे. थोरल्यांविषयी नाही, त्यांच्याशी मला काही देणंघेणं नाही. दातांच्या डॉक्टरकडे, न्हाव्याकडे, विमानतळावर, जिथं म्हणून गुळगुळीत कागदाचं मासिक हाताला लागतं तिथं मी आधी फोटोतला धाकटा शोधतो. कुठल्याही पिढीतला घ्या, तो सापडायला सोपा असतो. सगळे सज्जात उभे असले की हा एका कडेला, अर्धा कुणाच्या तरी टोपीआड. त्याला नौदलात घालतात, लग्नात करवला म्हणून उभा करतात, आणि कुठं काही बिघडलं की ते याच्यामुळंच बिघडलं असं साऱ्या देशाचं एकमत होतं. शिवाय त्याचा नंबर खाली घसरत राहतो. थोरल्याला मूल झालं की धाकटा एक पायरी उतरला. बायको म्हणते, "तुला काय त्याचं?" मला काय त्याचं, ते तिला चांगलं ठाऊक असतं.

मीही धाकटाच. घराणं मात्र अगदीच चिमुकलं. आमचं संस्थान दक्षिण महाराष्ट्रात होतं आणि शाळेच्या नकाशात ते छापणाऱ्याच्या शाईखाली गेलं होतं. आजोबांनी विलीनीकरणाच्या कागदावर सही केली, वडिलांच्या काळात तनखा बंद झाला, आणि मागं उरला तो नुसता मान. मान म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी आपट्याच्या फांदीला पहिली तलवार लावायची ती थोरल्यानं. जत्रेतली पहिली आरती थोरल्याची. पंचक्रोशीत कुठं लग्न निघालं तर पहिली अक्षत थोरल्याला. त्या बदल्यात थोरल्यानं गाव सोडायचं नाही, कुणाची चाकरी करायची नाही, आणि दारात आलेल्याला 'नाही' म्हणायचं नाही. असं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजही पडली नाही.

आणि धाकट्यानं काय करायचं? धाकट्यानं फक्त असायचं. लहानपणी आम्हा दोघा भावांना एकाच वेळी गोवर आला. तालुक्याहून डॉक्टर आले. त्यांनी दादासाहेबांची नाडी, जीभ, डोळे सगळं निगुतीनं पाहिलं, बॅग मिटली, आणि ते उंबऱ्याशी पोचल्यावर आईसाहेबांना आठवण झाली. "जाता जाता यांनाही बघा," त्या म्हणाल्या. यांना म्हणजे मला. आमच्याकडे पोरांनाही अहोजाहो करत. अरेतुरे फक्त कुत्र्यांना.

दादासाहेब वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. मला त्यांचा छान राग राग करता आला असता. पण पंगतीत पहिला वाढलेला लाडू अर्धा मोडून ते माझ्या ताटात टाकायचे, आणि वर म्हणायचे, "धाकटे, आम्हाला गोड आवडत नाही." त्यांना गोड खूप आवडतं. पुण्याच्या कॉलेजात त्यांचं पहिलं वर्षही पुरं व्हायचं होतं, तोच वडील गेले आणि त्यांना घरी बोलावून घेतलं. वसतिगृहातली त्यांची ट्रंक आणायला मी गेलो होतो. पुढं त्याच वसतिगृहात मी राहिलो, इंजिनियर झालो, मुंबईला गेलो, तिथून सिंगापूरला आलो. मला कुणी अडवलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तुआसला आमच्या कंपनीत जहाजांच्या इंजिनांचे सुटे भाग सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या इंग्रज साहेबाला घरची ही हकिकत सांगितली. तो इतका हसला की त्याच्या नूडल्स थंड झाल्या. मग म्हणाला, आमच्याकडे धाकट्या राजपुत्राला 'स्पेअर' म्हणतात, आणि तू तर पोटासाठीही स्पेअरच सांभाळतोस! मलाही हसू आलं, पण दुपारभर गोदामात फिरताना ते काही डोक्यातून जाईना. स्पेअर पार्ट तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवतात. तो बिघडलेला चालत नाही आणि वापरलेलाही चालत नाही. फक्त जागेवर लागतो.

एका बाबतीत मात्र माझं त्या इंग्रज धाकट्यांशी जुळत नाही. त्यांचा नंबर दर बाळंतपणाला खाली जातो. माझा जागचा हलला नाही, कारण दादासाहेबांना मूल झालं नाही. आणि आमच्याकडे थोरल्याला मूल नसलं की धाकट्याचा मुलगा दत्तक जातो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कंपनी सरकारच्या अमदानीत आमच्या घराण्यातला एक दत्तक नामंजूर होता होता वाचला होता. ती गोष्ट आम्हाला लहानपणी भुताच्या गोष्टींऐवजी सांगत.

माझा मुलगा सिंगापूरला जन्मला. त्याला पहिल्यांदा गावी नेला तेव्हा वहिनीसाहेबांनी त्याला देवघरासमोर मांडीवर घेतलं. त्यानं त्यांची नथ धरली ती सोडेना. त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते. अशा वेळी मराठी माणूस जे बोलतो तेच मी बोललो. "तुमचाच आहे, वहिनीसाहेब. घातला तुमच्या ओटीत." हे वाक्य आपल्याकडे रोज कुणी ना कुणी बोलतं आणि चहा संपायच्या आत विसरतं. पण मी उभा होतो कुलदैवतासमोर, आणि ऐकत होते दादासाहेब. त्यांनी विचारलं, "शब्द?" मी आपला हसत म्हणालो, "शब्द."

बायको पुण्याची, एका बँकेत हिशेबतपासणी करते. परतीच्या विमानात तिनं मला जे सुनावलं त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच: "माझं पोर काय खणनारळ आहे का, कुणाच्याही ओटीत घालायला?"

मग ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. मात्र दर दसऱ्याला गावाहून मुलासाठी बंद गळ्याचा कोट शिवून यायचा, आणि माप कुणी कळवलेलं नसताना तो नेमका बसायचा. बायको तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकायची. मुलगा मोठा झाला, बास्केटबॉल खेळायला लागला, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायला लागला. मी मनाशी म्हणायचो, विसरले असतील.

यंदा तो ज्युनियर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेला आणि वहिनीसाहेबांचा फोन आला. "भावोजी, स्वारी तुमच्याकडे येतेय. एकटीच." दादासाहेब जन्मात मुंबईपुढं गेले नव्हते. मी फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

ते आले ते बंद गळ्याचा कोट घालून, या उकाड्यात. बेडोकच्या आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी बायकोला "धाकट्या राणीसाहेब" अशी हाक मारली तेव्हा तिच्या हातात फरशी पुसायचा मॉप होता. बॅग आपली आपण उघडायची असते हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून तीच कपडे काढून लावायला बसली, आणि थोड्या वेळानं मला आत बोलावून घेतलं. कपड्यांच्या तळाशी लाल फडक्यात बांधलेला नारळ होता, वर हळदीकुंकू. आमच्या देवघरातला लाल फडक्यातला नारळ दोनच कामांसाठी उंबरा ओलांडतो: मुलगी मागायला किंवा मूल मागायला. आम्हाला मुलगी नाही.

"होता तसा परत ठेवलाय," ती म्हणाली. "आता तू काय ते बघ. मी माझं पोर देणार नाही."

मीही देणार नव्हतो. पण हे दादासाहेबांना तोंडावर कसं सांगायचं? तुआस ते बेडोक म्हणजे बेटाच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. तेवढ्या प्रवासात एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, डब्यात उभा राहून मी रोज नकाराची भाषणं रचायचो. काही करारी होती, काही रडवेली, एकात तर कायद्याचाही दाखला होता. घरी येऊन दार उघडलं की आतून आवाज यायचा, "आलात, धाकटे? दमला असाल," आणि माझं सगळं भाषण दारातच राहायचं.

दादासाहेब मात्र मजेत होते. लिफ्टमध्ये एका चिनी आजीबाईंनी त्यांना "अंकल, मूव्ह इन, मूव्ह इन" म्हणून कोपरानं आत ढकललं. मी गारठलो. त्यांना जन्मात कुणी सरका म्हटलं नव्हतं. ते सरकले, आणि जेवताना ही गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. वरच्या मजल्यावर कोण राहतं, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नाही म्हटल्यावर म्हणाले, "आणि त्यांनाही तुम्ही माहीत नाही? छान." संध्याकाळी ते मुलाला घेऊन बेडोकच्या तळ्यावर फिरायला जायचे. दोघं परत येईपर्यंत बायको गॅलरीतून हलायची नाही. काय बोलता रे, म्हणून मी मुलाला खोदून विचारलं, तर म्हणाला, "नथिंग मच, ला. ही आस्क अ लॉट."

नारळाचं नाव कुणी काढत नव्हतं. ते नुसते खाकरले तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. जेवणाला चव राहिली नव्हती.

रविवारी सकाळी ते कपडे करून बाहेर आले. हातात कापडी पिशवी होती आणि तिच्या तळाशी गोल, जड असं काही होतं. "चला धाकटे, खाली चहा घेऊ," ते म्हणाले. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं मुलाच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, रविवारची गर्दी होती. मी टिशूचं पुडकं टेबलावर ठेवून जागा धरली. दादासाहेबांना या रीतीचं भारी कौतुक. "एवढ्याशा कागदावर जागा मिळते, आणि कुणी वाद घालत नाही? आमची गायरानाची केस अजून चालूच आहे." मी कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, दोन कप आणि नारळाचा जॅम लावलेले काया टोस्ट घेऊन आलो तोवर त्यांनी नारळ काढून टेबलाच्या मध्यावर ठेवला होता. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मान वळवून विचारलं, "अंकल, यू सेलिंग आह?"

"उभे राहा, धाकटे," दादासाहेब म्हणाले. "दोन्ही हात पुढं करा."

मी उभा राहिलो. एमआरटीत रचलेलं एकही वाक्य आठवेना. एवढं फक्त ठरवलं की नारळ हातात पडला की तो तसाच परत ठेवायचा, मग आभाळ कोसळलं तरी चालेल. त्यांनी नारळ माझ्या हातांत ठेवला आणि वरून माझे हात घट्ट धरले, त्यामुळं तेही जमेना.

"देवासमोर तुम्ही शब्द दिला होता. तो आम्ही परत करतो आहोत. मुलगा तुमचाच."

मला काही समजेना. "म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला नारळ दिला," ते म्हणाले आणि हसायला लागले. मराठीत नोकरीवरून काढलं की नारळ दिला म्हणतात. दादासाहेबांच्या तोंडून मी जन्मात ऐकलेला हा पहिला विनोद. "इतकी वर्षं जागेवर राहिलात. झालं. आता सुटलात."

मला काय वाटलं ते सरळच सांगतो. सुटलो असंच वाटलं. भावाविषयी प्रेम, घराण्याविषयी दुःख वगैरे सगळं नंतर आलं. आधी मी खाली बसलो, आणि मला कडकडून भूक लागली. समोरचे टोस्ट मी दोन घासांत संपवले, त्यांच्या वाटणीचेही संपवले, आणि उठून आणखी घेऊन आलो, वर अर्धी उकडलेली अंडी. दादासाहेब माझ्याकडे बघत बसले होते. लाडू मोडून देताना बघायचे तसेच.

पोटात पडल्यावर मग अक्कल आली. "पण दादासाहेब, पुढं कोण?"

"कोणी नाही. आमच्यापाशी संपलं." त्यांनी कोपीचा घोट घेतला. "कंपनी सरकारला जे जमलं नाही ते आम्ही केलं. दत्तक नामंजूर."

"आणि हे सांगायला आपण एवढ्या लांब आलात?"

"नाही," ते म्हणाले. "आम्ही मागायलाच आलो होतो."

मी चमचा खाली ठेवला. ते नेहमीच्याच आवाजात सांगत होते. "परवा तळ्यावर तुमच्या चिरंजीवांना विचारलं, पुढं काय व्हायचं ठरवलंय? ते म्हणाले, डोन्ट नो येट, ला, मोठे काका. सी हाऊ फर्स्ट. बाकीचं समजलं. ते 'ला' काय असतं?"

"त्याला काही अर्थ नसतो. नुसतं शेपूट."

"असं होय. आम्ही म्हटलं, अहो, काहीच ठरलं नाही? भीती नाही वाटत? तर म्हणाले, व्हाय स्केअर? आणि आम्हाला पाण्यातली कासवं दाखवायला लागले." त्यांनी कप बशीत ठेवला. "ठरलं नाही. हे वाक्य आम्हाला कधी बोलायलाच मिळालं नाही, धाकटे. आम्ही जन्मायच्या आधीच सगळं ठरलेलं होतं. तुम्हाला कुणी विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटत असेल, पण विचारलं नाही म्हणून तर तुम्ही निघून जाऊ शकलात. त्या पोराच्या तोंडून ते वाक्य काढून घ्यायचं आमच्या जिवावर आलं."

मला रडू आवरेना. शेजारच्या म्हाताऱ्यानं आमच्या टेबलावरचं टिशूचं पुडकं उचलून माझ्या हातात दिलं. दादासाहेबांची पुण्याची ट्रंक मी उचलून आणली होती, आणि तिच्यात काय आहे हे त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. "पुस्तकं," ते म्हणाले. "खगोलशास्त्राची. घरी वाळवीनं खाल्ली."

मग त्यांचा चेहरा उतरला. "एक अडचण आहे. घरी तुमच्या वहिनीसाहेब वाट बघताहेत. मुलासाठी खोली रंगवून घेतलीय. आम्हीच माघार घेतली हे त्यांना सांगायचं धाडस आमच्यात नाही. धाकट्यांनी नाही म्हटलं, असं सांगितलं तर चालेल का?"

इंग्लंडात काय आणि आमच्याकडे काय, धाकटा असतो कशासाठी? त्या क्षणी त्यांनी मला खून अंगावर घ्यायला सांगितला असता तरी मी घेतला असता. "खुशाल सांगा," मी म्हणालो. कप-बशा ट्रेमध्ये भरून त्यांनी तो ट्रे स्वतः उचलला आणि रांगेत उभं राहून जागेवर नेऊन ठेवला.

बायकोनं त्याच दुपारी नारळ फोडून वड्या केल्या. वड्या थापताना ती मधेच थांबून डोळे पुसायची आणि पुन्हा थापायला लागायची. मुलाला हकिकत सांगितली तेव्हा तो वडी खात होता. त्यानं एवढंच विचारलं, "सो, नोबडी वॉन्टेड टू आस्क मी?" दादासाहेब म्हणाले, "विचारलं की. तळ्यावर." बाकीच्या वड्या दोघांनी मिळून संपवल्या.

दसऱ्याला पोचायचं म्हणून दादासाहेब गेले. दसरा झाला आणि वहिनीसाहेबांचा फोन आला. बोलणी खायच्या तयारीनं मी खुर्चीत नीट बसलो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मूल घरात होतं, आतल्या खोलीत अभ्यासाच्या नावाखाली गाणी ऐकत होतं.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात?"

"हो, वहिनीसाहेब."

मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलंत. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसले होते. ते पोर आणून त्यालाही यांच्यासारखं जन्मभर दारात उभं करायचं? खोली रंगवली ती यांना बरं वाटावं म्हणून. पण या घरात नाही म्हणणार कोण? यांना तर ते कधी जमलं नाही, आणि जमणारही नाही. तुमच्या अंगात धमक म्हणून झालं."

जिभेच्या टोकावर आलं होतं की वहिनीसाहेब, मी नाही म्हटलंच नव्हतं. म्हटलं ते तुमच्या नवऱ्यानं, जन्मात एकदा, आणि तेही तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवून. पण मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता. दारात कुणीतरी आलं होतं आणि ते "या, या, बसा" म्हणत होते.

"हो," मी म्हणालो. "मीच नाही म्हटलं."